हेही घडीचेच ना?

"घडीचे टायर भरवशाचे असतात का हो?" हा प्रश्न सायकल दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या मिस्त्रींना आठवड्यातून चारदा तरी ऐकावा लागे. विचारणारा माणूस टायर आधी दाबून बघायचा, मग वाकवून बघायचा आणि शेवटी नाकाला लावायचा, जणू काही खरबूजच घ्यायला आलाय. मिस्त्री हातातलं काम न सोडता म्हणायचे, "टायर भरवशाचाच असतो साहेब. बसवणारा कसा आहे ते बघा." गिऱ्हाईक हसायचं, मिस्त्रीही हसायचे आणि टायर खपायचा. एकवीस वर्षांत त्यांनी बसवलेला एकही टायर रिमवरून निसटला नव्हता. ही गोष्ट ते कुणी न विचारताही सांगत.

हल्ली कुणी तोच प्रश्न केला तर मिस्त्री म्हणतात, "मला नाही सांगता येणार." गिऱ्हाईक जरा थांबतं आणि पुढच्या दुकानात जातं.

आता या 'घडीच्या' शब्दाचं काय होतं ते आधी सांगून टाकतो, कारण सगळं पाणी तिथेच मुरलंय. घडीची सायकल म्हणजे मधोमध दुमडून बसमध्ये नेता येते ती. तिची चाकं लहान, टायरही लहान. पण तो टायर इतर कुठल्याही टायरसारखाच असतो. त्याच्या दोन्ही काठांत पोलादी तार असते आणि ती तारच टायरला रिममध्ये धरून ठेवते. मिस्त्रींच्या दुकानात या टायरना सुरुवातीपासून 'घडीचे टायर' म्हणत, म्हणजे घडीच्या सायकलचे. मग काही वर्षांनी दुसरा प्रकार आला. त्याच्या काठात तारेऐवजी चिवट दोरा असतो, त्यामुळे टायरचीच रुमालासारखी घडी होते आणि तो पुठ्ठ्याच्या पट्टीत गुंडाळून विकायला येतो. त्यालाही मिस्त्री 'घडीचे टायर'च म्हणू लागले. दुसरा शब्द शोधायचे कष्ट कोण घेणार? त्यांच्या डोक्यात दोन्ही टायर वेगळे होते, आणि आपल्या डोक्यात जे स्पष्ट आहे ते जगालाही स्पष्टच असणार, असा त्यांचा समज होता. हुशार कारागिरांचा असतो तसा.

घरात मात्र घडी म्हणजे बायकोचं राज्य. कपडे, चादरी, जुनी वर्तमानपत्रं, सामानाच्या रिकाम्या पिशव्या, सगळ्याला तिच्या हाताची घडी होती. कपाट उघडलं की एकावर एक ठेवलेले थर असे दिसायचे की त्यातून एखादा शर्ट काढायची भीती वाटावी. मिस्त्रींचं बरोबर उलटं. रिमचा केसाएवढा वाक काढणारा हा माणूस अंगातला शर्ट जिथे काढायचा तिथेच सोडून द्यायचा. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात त्यांनी बायकोला मदत म्हणून टॉवेलची घडी घातली होती. ती बघून बायको इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मिस्त्रींनी तो नाद तेव्हाच सोडला, पण शब्द घरात राहिला. काहीही चुरगळलेलं दिसलं, कागदाचा बोळा असो की वाळत घातलेलं पायपुसणं, की मुलगी म्हणायची, "बाबांची घडी!"

मुलगी एकच. लहानपणी एका जागी टिकायची नाही म्हणून तिला खारू म्हणायचे, ते चोवीस वर्षांची झाली तरी तसंच राहिलं. शहराबाहेरच्या टेकाडावर चष्म्याच्या काचा घासायचा कारखाना होता, तिथे ती कामाला होती. सकाळी घडीची सायकल काखोटीला मारून बसमध्ये चढायची आणि दुपारी पाळी सुटली की तीन किलोमीटरचा वळणावळणाचा उतार सायकलवरून उतरून यायची. "बसचं तिकीट वरपर्यंतचंच काढते मी," ती सांगायची. "खाली मला पृथ्वी फुकट आणते." मिस्त्रींना या वाक्याचं कोण कौतुक.

दुकानाच्या मागच्या फळीला वाळवी लागली तेव्हा टायरचा साठा घरच्या माळ्यावर आणायचं ठरलं. सुट्टीचा दिवस होता. बायको स्टुलावरून माळ्यावर चढली होती आणि मिस्त्री खाली बसून एका चाकाचे स्पोक ताणत होते. आधी दोऱ्याचे पाच टायर निघाले. मिस्त्रींनी त्यातला एक पट्टीतून सोडवला, उघडला, पुन्हा चुरगाळून बायकोच्या हातात दिला आणि ऐटीत म्हणाले, "हे घडीचे. कशीही घडी घाल, काही होत नाही यांना."

"म्हणजे तुमच्यासारख्यांसाठीच काढलेत," बायको म्हणाली आणि तिने त्या पाचांचा सुरेख थर लावला.

मग दुसरा गठ्ठा निघाला. चार टायर, घडीच्या सायकलचे, काठात तार असलेले. ते गोल होते आणि माळ्यावर पसरून बसले असते. बायकोने वरून विचारलं, "हेही घडीचेच ना?"

मिस्त्रींच्या दातांत व्हॉल्व्हची टोपी धरलेली होती. त्यांनी मान वर न करता म्हटलं, "हं."

थोड्या वेळाने माळ्यावरून धापांचा आवाज आला. "हे जरा हट्टी आहेत हो. गुडघा द्यावा लागतोय."

मिस्त्रींनी तोंडातली टोपी काढली. विनोदासाठी काढली. "तुझ्यापुढे कोण हट्टी राहिलंय आजवर?" ते म्हणाले आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन पुन्हा स्पोककडे वळले. बायकोने चारही टायर मधोमध दुमडले, दाबले, जुन्या चादरीच्या पट्ट्यांनी घट्ट बांधले आणि भिंतीशी रचून ठेवले. माळा बघण्यासारखा दिसत होता. तिने खाली उतरून त्यांना बोलावून तो दाखवलाही. मिस्त्रींनी खालूनच मान उंचावली आणि "वा!" म्हणाले.

ही सगळी हकिगत त्यांना नंतर शब्दाशब्दाने आठवली. त्या दिवशी तर ती संध्याकाळपर्यंतही लक्षात राहिली नव्हती.

चार महिन्यांनी खारूच्या सायकलचा पुढचा टायर झिजला. सकाळची घाई होती, बसला दहा मिनिटं होती. बायकोने माळ्यावरून एक टायर काढला, पट्टी सोडली आणि मुलीच्या हातात देत म्हणाली, "घे, घडी मोड." नवा कपडा पहिल्यांदा अंगावर घालताना म्हणतात ना, तसं. खारू हसली आणि तिने टायर बापाकडे फेकला.

मिस्त्रींचा एक नियम होता. टायर कितीही नवा असो, चढवण्याआधी त्याच्या दोन्ही काठांवरून आतल्या बाजूने अंगठा फिरवायचा. तारेत बारीकसा पीळ असला, मोड असली, तरी अंगठ्याला कळते. हा नियम त्यांनी शिकाऊ कारागिरांना ओरडून ओरडून शिकवला होता. त्या सकाळी त्यांनी अंगठा फिरवला नाही. बसची घाई हे एक कारण झालं. खरं कारण वेगळं होतं. टायर त्यांच्याच घरच्या माळ्यावरून, त्यांच्याच बायकोच्या हातातून आला होता, आणि त्या हातांनी ठेवलेली वस्तू तपासायची असते हे त्यांच्या मनातही आलं नाही. टायर थोडा लंबगोल वाटला होता. हवा भरल्यावर सरळ होईल असं त्यांना वाटलं आणि तो झालाही. खारूने सायकलची घडी घातली, काखेत धरली आणि ती पळाली.

टायर नऊ दिवस चालला. दहाव्या दिवशी दुपारी, उताराच्या तिसऱ्या वळणावर, सतत ब्रेक दाबल्याने रिम तापलेली असताना, तो पुढच्या चाकावरून सुटला. मोठा आवाज झाला. मागून येणाऱ्या दूधगाडीच्या ड्रायव्हरने सांगितलं की पोरगी हँडलवरून उडून कठड्यावर पाठीवर आदळली आणि लगेच उठायला गेली, पण कमरेपासून खालचं अंग उठलंच नाही.

डॉक्टर भला माणूस होता. त्याने खोटी आशा लावली नाही. "मणका नुसता दुखावला असता तर बरी होईल म्हणालो असतो," तो म्हणाला. "तो तुटलाय. कमरेखाली आता काही कळणार नाही." मग त्याने घरी काय काय करायचं ते सांगितलं. हवेची गादी आणायची. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर अंगाला जखमा होतात. आणि अंगाखालच्या चादरीला एकही चुणी राहता कामा नये. "तिला ती टोचणार नाही," डॉक्टर म्हणाला, "म्हणून तुम्हालाच बघावी लागेल." बायकोने मान हलवली. निदान हे काम तिला येत होतं.

सायकल एका हातगाडीवरून दुकानात आली. मिस्त्रींनी शटर अर्धं ओढून घेतलं आणि सुटलेला टायर हातात धरला. मग जो अंगठा नऊ दिवस आधी फिरवायचा होता तो फिरवला. तार एका जागी तुटली होती. बरोबर समोरच्या जागी ती मोडायला आलेली होती आणि रबराला पांढरी भेग होती. उतारावर पडून तारेत अशी समोरासमोर मोड येत नाही, कारखान्यातूनही येत नाही. मधोमध दुमडून वर गुडघा दिला तरच येते. मिस्त्री घरी गेले, स्टूल घेतलं आणि लग्नानंतर पहिल्यांदाच स्वतः माळ्यावर चढले. भिंतीशी उरलेले तीन टायर व्यवस्थित दुमडून, पट्टीने बांधून, एकावर एक ठेवलेले होते. गाठीसुद्धा एका रेषेत होत्या.

बायको दवाखान्यात होती. त्यांनी ते तिन्ही टायर पोत्यात घालून दुकानात नेले आणि पत्र्याच्या कात्रीने त्यांचे वीत वीत तुकडे केले. सुटलेला चौथा टायर मात्र त्यांना कापवेना. तो त्यांनी कपाटामागे सारला. का, ते त्यांना तरी कुठे ठाऊक होतं.

एक मात्र त्यांनी त्या दिवशी ठरवून टाकलं. हे बायकोला कधीही कळता कामा नये. तिच्या हातून झालं, आणि तिच्या हातून झालं ते आपल्या 'हं'मुळे, आपल्या आळशी शब्दामुळे, आपण न फिरवलेल्या अंगठ्यामुळे. ती बिचारी आता आयुष्यभर त्याच हातांनी लेकीचं हगणंमुतणं काढणार, अंग पुसणार, कूस बदलणार. त्या हातांनीच हे केलं असं तिला कळलं तर ती ते हात लेकीला लावू शकणार नाही. मिस्त्री मूग गिळून बसले.

पण मूग गिळून बसण्याचीही एक किंमत असते आणि ती खारू भरत होती.

"मीच मूर्ख," ती छताकडे बघत म्हणायची. घरातली पुढची खोली आता तिची होती. "आवाज झाल्यावर मी पुढचा ब्रेक दाबला, बाबा. तुम्ही शंभर वेळा सांगितलं होतं, घाबरलं की पुढचा ब्रेक दाबू नको. मागचा दाबला असता तर नुसतं खरचटलं असतं."

"तुझी चूक नाही गं."

"मग कुणाची?"

मिस्त्री पाण्याचा तांब्या भरायला उठायचे. तांब्या बहुतेक वेळा भरलेलाच असायचा. हे दहा आठवडे चाललं. दर दोन-तीन दिवसांनी ती तोच ब्रेक मनात पुन्हा दाबायची. मिस्त्रींना वाटायचं, सांगून टाकावं. मग बायको आत यायची, लेकीच्या पाठीखाली हात घालून एका लयीत तिला वळवायची, चादर ताणायची, वरून तळवा फिरवून चुणी शोधायची. तो तळवा बघून मिस्त्रींच्या ओठांवर आलेले शब्द परत जायचे.

या सगळ्यात मामा नसता तर कदाचित असंच निभलं असतं. मामा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. तो छापखान्यात मुद्रितं तपासायचा; दुसऱ्यांच्या चुका काढणं हा त्याचा पोटापाण्याचा धंदाच होता आणि तो सुट्टीच्या दिवशीही बंद नसे. दवाखान्यातल्या खाटेला लावलेल्या पाटीपासून औषधाच्या बाटलीपर्यंत त्याने प्रत्येक ठिकाणचे ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त केले होते. पण भाचीवर त्याचा जीव होता आणि त्याने मनावर घेतलं होतं.

"दाजी, नऊ दिवसांत टायर सुटतो म्हणजे काय? कंपनीला जाब विचारायला नको? उद्या दुसऱ्या कुणाची पोरगी पडेल. तो टायर मला द्या. माझा एक मित्र रबर तपासायच्या प्रयोगशाळेत आहे."

"फेकला मी तो," मिस्त्री म्हणाले.

"फेकलात? पुरावा फेकलात?"

"मला बघवेना."

मेहुणा गप्प बसला याचंच मिस्त्रींना त्या दिवशी समाधान वाटलं.

पण हवेच्या गादीतली हवा उतरायला लागली. दुपारी मिस्त्री बाहेर सामान आणायला गेले असताना बायको किल्ली घेऊन दुकानात गेली. हातपंप शोधायला तिने कपाट पुढे ओढलं आणि पंपाऐवजी तो टायर सापडला. संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी जरा उजळला होता. "अहो, तुम्ही विसरला होतात. टायर फेकला नव्हतात काही, कपाटामागे पडला होता. मी भावाला नेऊन दिला. लेकीच्या मनातलं ते ब्रेकचं खूळ तरी जाईल, टायरच वाईट होता असं कागदावर आलं की."

मिस्त्री खाटेच्या कडेवर बसले.

"पिशवी लहान होती, म्हणून घडी घातली," ती म्हणाली. "या वेळी मुळीच हट्ट केला नाही त्याने. लगेच दुमडला."

प्रयोगशाळेचा कागद यायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत मिस्त्रींनी एक खोटं तयार केलं. ते त्यांनी दुकानात रिकाम्या भिंतीसमोर म्हणून पाहिलं. जागा नव्हती म्हणून मीच दुमडला, मीच बांधला, मीच बसवला, मीच तपासला नाही. त्यातलं शेवटचं अर्धं तर खरंच होतं. लेक कायमची तोंड फिरवील, बायको शिव्याशाप देईल, मामा उभा-आडवा घेईल. घेऊ दे. निदान ब्रेकचं ओझं पोरीवरून उतरेल आणि बायकोचे हात सुटतील. एका माणसाने दोघींचं उचलायचं, असा हिशेब. इतक्या वर्षांत त्यांना कुठलंच जोडकाम इतकं पक्कं वाटलं नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी मामा कागद घेऊन आला. दीड वाजून गेला होता. खारू भिंतीकडे तोंड करून कुशीवर होती. दोन वाजता तिला या बाजूला वळवायचं होतं. बायको दाराशी धुतलेल्या चादरीची घडी घालत उभी होती. मामाने चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"'सदर टायरच्या काठातील तार एके ठिकाणी तुटलेली व विरुद्ध बाजूस अंशतः मोडलेली आढळली. रबर, विणकाम व...' विणकामातला 'वि' दीर्घ काढलाय गाढवांनी... 'व जोड यांत उत्पादनातील दोष आढळला नाही.'"

"दोष नाही?" खारूने भिंतीकडे बघतच विचारलं.

"थांब गं. 'तारेवरील गंज पाहता मोड जुनी असून, टायर चाकावर बसवण्यापूर्वीच तो मधोमध दुमडल्यामुळे...' इथला 'दु'ही दीर्घ. मला याच्या शिक्षकाचं नाव हवंय. '...दुमडल्यामुळे व त्यावर दाब दिल्यामुळे झाली आहे. हा टायर तारेचा असून दुमडण्यासाठी नव्हे. वापरताना रिम तापल्यावर तो निसटणे अटळ होते. चालकाच्या ब्रेक लावण्याशी याचा संबंध नाही.'" मामाचं वाचणं इथे थांबलं. चूक सापडावी म्हणून त्याने तेच वाक्य मनात पुन्हा वाचलं असावं. मग त्याने कागद खाली केला. "दुमडला कुणी?"

खारूचा खांदा हलला. "माझा ब्रेक नव्हता?" ती म्हणाली. "मामा, ते परत वाच."

"तुझा नव्हता," मिस्त्री म्हणाले. ते उठून उभे राहिले होते. भिंतीसमोर म्हटलेलं सगळं त्यांना नीट आठवत होतं. "माझी चूक आहे. माळ्यावर जागा नव्हती. मीच घडी घातली होती टायरची."

"तुम्ही?" बायको म्हणाली. चादरीचे कोपरे जुळवताना, सवयीने, वर न बघता, तिने घरातला जुना विनोद केला. "तुम्ही कशाला घालाल घडी? तुम्हाला साधा टॉवेल दुमडता येत नाही."

बायकोच्या हातात चादरीचे दोन कोपरे जुळलेले होते आणि ते तसेच राहिले. मिस्त्रींनी सगळ्या प्रश्नांची तयारी केली होती, याची केली नव्हती.

"माळ्यावर तर मी होते," ती सावकाश म्हणाली.

"अगं, नंतर मी..."

"मी विचारलं होतं तुम्हाला. हेही घडीचेच ना, असं विचारलं होतं मी."

मिस्त्रींनी मान खाली घातली.

"तुम्ही हं म्हणालात."

"माझ्या तोंडात टोपी होती," मिस्त्री म्हणाले. बापाचं, नवऱ्याचं, एकवीस वर्षांच्या कारागिराचं त्या घडीला एवढंच म्हणणं होतं.

"गुडघा दिला मी," बायको म्हणाली. "हट्टी आहेत म्हणाले आणि गुडघा दिला. मग तिला म्हटलं, घे, घडी मोड." तिने चादर खाली ठेवली नाही, ती तिच्या हातांतून सुटली. मामाने कागदाची घडी घालायला घेतली आणि मध्येच थांबून तो तसाच खिशात कोंबला.

खारूचं तोंड भिंतीकडे होतं आणि तिला कुणी वळवल्याशिवाय आईचा चेहरा दिसणार नव्हता. ती म्हणाली, "आई, दोन वाजून गेले."

बायको दाराशीच उभी राहिली. तिने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत अडकवले, लहान मुलं काही लपवताना करतात तसे.

"आई?"

शेवटी मिस्त्री पुढे झाले. त्यांनी लेकीच्या पाठीखाली हात घातला. हे काम त्यांनी कधी केलं नव्हतं. एका हाताने खांदा वळला आणि कमर मागे राहिली, मग त्यांनी कमर ओढली, पाय एकावर एक अडकले, ते सोडवले. खारू या बाजूला वळली आणि तिने डोळे मिटून घेतले. तिच्या अंगाखाली चादर गोळा झाली होती, कमरेपासून मांडीपर्यंत जाड वळकटीच. मिस्त्रींनी ती ओढून सरळ करायचा प्रयत्न केला आणि ती आणखी चुरगळली.

त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिला वळकटी दिसत होती. ती दाराशीच होती, हात पाठीमागे. खारूला तर खाली काही कळतच नव्हतं.